सशाचा डावा कान

हैदराबादहून ट्रकमध्ये उलटा लटकत आला
गुब्बू ससा, निळा, सात फुटी,
आणि नळदुर्गच्या आसपास कुठेतरी
डावा कान हरवून बसला.
त्याच्या आतला मुलगा उतरला तोही
तापाने फणफणलेला, ओकत.

होम मैदानावर मांडव अर्धा उभा.
मॅनेजर लुथरा विचारत होता,
साडेपाच फुटाचा कुणी आहे का,
नाच नाही आला तरी चालेल,
हात हलवता आला पाहिजे.
मी म्हटलं, आहे की.
बारा तास हातच हलवतो मी, बे,
दुसरं येतंय काय?

कान अक्काने केला.
कारखान्यातून परत आलेला लॉट होता,
कुठल्या हॉटेलचं नाव
टॉवेलवर उलटं विणलं गेलेलं.
निळा काही जुळला नाही,
जरा आभाळाकडे झुकला.
अक्का म्हणाली, लांबून कळत नाही.
अक्षरं आतल्या बाजूला घेतली तिने
आणि वीजबिलाचा पुठ्ठा घालून
कान उभा केला.

लुथराचे नियम तीन.
डोकं काढायचं नाही.
खाली बसायचं नाही.
बोलायचं नाही, गुब्बूचा आवाज स्पीकरवर आहे.
तिसऱ्याचं मला काही वाटलं नाही.
मागांच्या खडखडाटात कोण बोलतं?
कांडी संपली, दोन बोटं.
मालक आला, मिशीवर हात.
चहा, अंगठा.

रविवारी दुपारी बेचाळीस.
ससा डोळ्यांनी बघत नाही, हे कुणाला सांगू नका,
तो तोंडातल्या जाळीतून बघतो.
जाळीत मावलं तेवढं सोलापूर मी पाहिलं:
जुळे सोलापूरची पोरं पुढच्या खुर्च्यांवर,
विडी घरकुलची पासवर, पार मागे,
पंख्याचा आवाज येतो पण वारा येत नाही तिथे.
स्पीकरमधली बाई थंडगार गळ्याने
सगळ्यांना दोस्तों म्हणत होती
आणि माझ्या पाठीवरून घाम
बुटात साचत होता.

मध्यंतरात कुणीतरी माझा पाय धरला.
चार वर्षांची असेल. फ्रॉक उलटा घातलेला.
माइकवाल्याने हिंदीत नाव विचारलं.
मग मराठीत.
मग जरा मोठ्याने मराठीत.
ती पायाला अजूनच चिकटली,
रडणं सगळं माझ्या निळ्या केसांत.

मी खाली बसलो.
दुसरा नियम गेला.
एडवकु रा, म्हटलं जाळीतून,
नी पेरेंटि?

रडणं थांबलं.
मला वाटलं होतं, दचकेल.
पण तिला काहीच वाटलं नाही.
घरी बोलतात तसं ससाही बोलतो,
त्यात काय.
सृजना, म्हणाली. आईचं नाव सांगितलं.
घराची ओळ सांगितली, नळ कुठे आहे ते सांगितलं,
नळाला पाणी कधी येतं तेही.
वर स्पीकरवर तेव्हा
गुब्बू गाजराबद्दल काहीतरी सांगत होता.

मग तिने माझा डावा कान ओढला,
अक्षरांच्या बाजूने उलटून पाहिला
आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली,
दोरा राहिलाय.
तिची आई काय काम करते
हे विचारायची गरजच नव्हती.
दातांनी तोडला तिने तो दोरा,
थुंकला,
आणि कान नीट करून ठेवला.

आई आली धावत.
पोरीला आधी एक धपाटा, मग कडेवर.
सशाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

रात्री लुथराने शंभर कापले.
पात्र बोललं, म्हणाला.
मी काय म्हणणार? बोललं होतं.
सोमवारी पहाटे ट्रक गुलबर्ग्याच्या रस्त्याला लागला,
उजवा कान कंपनीचा,
डावा आमच्या परत आलेल्या लॉटचा.

अक्काने गेटवर विचारलं,
टिकला का कान?
टिकला.
बघितलं का कुणी?
एकीने. दोरा राहिला होता एक.
तिचा चेहरा पडला. कुणी गं बघितलं, कुणी,
असं काहीतरी ती विचारत होती.
पाळी बदलली, माग सुरू झाले.
मी कमरेएवढ्या उंचीवर हात धरला,
मग थोडा खाली,
मग अजून थोडा.