दुप्पट वेगाने

अहवालात प्रश्न होता: या प्रकल्पातून तुम्ही काय शिकलात?
मी दोन पानं टाइप केली.
चौकट, रंगसंगती, प्रेक्षकवर्ग,
मुखपृष्ठ आणि पोस्टर यांतली एकवाक्यता.
सरांनी 'एकवाक्यता'खाली पेन्सिलीने रेघ ओढली,
बाजूला लिहिलं, छान.

भूमेशबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

मे महिना. गड्डीगोदामला निशातच्या मामांची गच्ची.
सकाळी सहाला चढलो,
उतरलो तेव्हा टाकीतल्या पाण्यात
नुसती चहापत्ती टाकली असती तरी चाललं असतं.

मैत्रेय गायचा. म्हणजे ओठ हलवायचा.
पडद्यावर सगळं संथ हवं होतं,
केस संथ, कबुतरं संथ,
म्हणून गाणं दुप्पट वेगाने लावायचं
आणि त्याने दुप्पट वेगाने विरहात झुरायचं.
स्पीकरमधून त्याचाच आवाज
खारीसारखा चिरचिरत यायचा.
शेजारच्या गच्चीवर कुरडया राखणाऱ्या पोरी
हसून हसून लोळल्या.
एक ओरडली,
काहून जी, गाडी सुटून राहिली का तुमची?
मैत्रेयचा चेहरा ढळला नाही.
तेवढं मात्र त्याचं मानावं लागेल.

उजेड भूमेशच्या हातात होता.
जुन्या कूलरचा पत्रा,
त्यावर त्याच्या आईच्या डब्यांच्या धंद्यातला
चांदीचा कागद डकवलेला.
आम्ही सगळे सूर्याकडे पाठ करून,
तो एकटा सूर्याकडे तोंड करून.
जरा डावीकडे. अजून. हां, तिथंच राह.
तो तिथंच राहिला, अकरा टेक.
बाराव्याला म्हणाला, हात भाजून राहिले ना बे,
आणि आम्ही हसलो.
ते हसणं रेकॉर्ड झालं आहे.

मग सीडीचं वेष्टन, चार घड्यांचं.
सीडी कुणाच्याच घरी वाजत नाही,
पण अभ्यासक्रमात ती अजून वाजते.
संत्रं नको, एवढं आधीच ठरलं होतं.
निशातने कूलरच्या वाळलेल्या खसाचा
अगदी जवळून फोटो काढला.
सरांना ते वाळवंट वाटलं.
आम्ही दुरुस्ती केली नाही.

इतवारीतला छापखानेवाला म्हणाला,
ताई, खालची ओळ कटिंगमध्ये जाईल.
बाराला सबमिशन होतं. जाऊ द्या, मी म्हणाले.
खालच्या ओळीत होतं,
प्रकाश: भूमेश उईके.

चाळीस पोस्टरं बर्डीत चिकटवली, रात्री, खळीने.
तिसऱ्या दिवशी त्यांवर कोचिंग क्लास आला.
मैत्रेयचं कपाळ तेवढं उरलं,
खाली टॉपरांच्या रांगा.
व्हिडिओ दोनशे अकरा वेळा पाहिला गेला,
त्यातले साठ वेळा त्याच्या आईने.

आता मी मनीषनगरला लग्नांचे व्हिडिओ कापते.
परवा डबा आणायला गेले तर
भूमेशच्या आईने शोकेसमधून ते वेष्टन काढलं,
प्लास्टिकही न फाडलेलं.
यातला उजेड आमच्या भूमेशचा आहे म्हणे, ती म्हणाली.
मी हो म्हणाले.
मागची बाजू तिने उलटून पाहिली नाही,
किंवा कधीच पाहून ठेवली असेल.

रात्री जुनी फाइल उघडली.
दोन मिनिटं सतरा सेकंदांवर
चौकटीच्या कडेला एक सावली होती,
दार खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसासारखी.
तेव्हा मी चित्र आठ टक्के मोठं केलं होतं,
तो बाहेर गेला होता.
आठ टक्के काढून टाकले.
वेगही होता तसा केला.

चिरचिर सुरू झाली, पोरींचं हसणं,
आणि कोपऱ्यात ती सावली
या पायावरून त्या पायावर, पुन्हा या पायावर.
संथ केल्यावर मला तो ठेका वाटला होता.

संकल्पनेत मैत्रेय अनवाणी होता.
पण त्या शॉटमध्ये पाय दिसणार नव्हते,
म्हणून त्याच्या पायात चपला होत्या,
निळ्या पट्ट्यांच्या, एक अंगठा शिवलेला.
त्या कुणाच्या,
हे तेव्हा कुणी विचारलं नाही.