बोलता येईल इतपत

सबस्टेशनच्या गेटापासून रपट्यापर्यंत
अठ्ठावीस खांब.
यांच्या तारा मीच ओढल्या, शहाण्णव साली.
तेव्हा एका दमात चढायचो,
कमरेला पट्टा, दातात पक्कड,
आणि पक्कड काढून वरूनच गंगाधरशी भांडायचो.

यंदा कापसाच्या पहिल्या वेच्याला
मांडवगोटच्या डीपीवर, शिडीच्या चौथ्याच पायरीला
डोळ्यांपुढे काजवे.
डीपी शाबूत होती. ट्रिप मी झालो होतो.

डॉक्टरीणबाईंनी मशीनचा कागद हातभर ओढून पाहिला.
म्हणाल्या, बिघाड नाही, भार झेपत नाही इतकंच.
चाला रोज. दम लागला पाहिजे, दम तुटायला नको.
मी विचारलं, या दोहोंत अंतर किती?
तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

अंतर सांगितलं हिरकन्या मसरामनं.
कॅनॉलच्या वाटेवर, पहाटे साडेपाचला,
भावाचं जर्किन, दोन्ही वेण्या वर बांधलेल्या.
वनरक्षकाच्या भरतीत मागच्या खेपेला नऊ सेकंदांनी राहिली.
पळसाच्या बनापर्यंत जाते, परत येते, परत जाते.
माझ्या बाजूनं जाताना न थांबता विचारायची,
"काकाजी, बोलता येऊन रायलं का?"
पहिल्या दिवशी मी नुसती मान हलवली.
"मंग जास्त होऊन रायलं. कमी करा."
दुसऱ्या दिवशी मी भजन गुणगुणत होतो.
"गाणं येते म्हणजे आळस होते. वाढवा."

बस, एवढंच शास्त्र.
बोलता यावं, गाता येऊ नये.

मग बोलत चाललो. दुसरं कोण होतं? खांबांशीच.
तिसरा: तुझ्यावर घोरपड चढली, अख्खी रात्र गाव अंधारात.
सातवा: तुझी बाभूळ तोडली म्हणून सरपंच दोन वर्षं बोलला नाही.
आठवा, नववा: तुमचं काही आठवत नाही, माफ करा.
अकराव्याला गंगाधर चिकटला होता.
अकरावा दिसला की मी पाय उचलायचो,
इतके भराभर
की बोलताच येऊ नये.

पहिला आठवडा पाच खांब, मग मैलाच्या दगडावर बसणं.
फीडरवर एकदम सगळे पंप सोडत नाहीत,
हे मला शिकवायची गरज नव्हती,
तरी एकदा उत्साहात रपटा गाठला
आणि दोन दिवस जिना उतरताना मांड्या रडल्या.
हिरकन्या हसली. "उद्या आराम. आरामबी प्रॅक्टिसच असते."
तुरी सोंगल्या. गव्हाला ओंब्या आल्या.
सकाळी खाटेवरच मानेला बोट लावून मोजायचो:
अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मधेच पुन्हा नव्वद, जावयाचं लग्नाचं जेवण.
पळस पेटला तेव्हा बहात्तर.
छातीत कोणी नवीन काही बसवलं नव्हतं,
जुनंच, पण कमी घरघर करत होतं.

काल अकरावा आला.
मी सवयीनं पाय उचलले.
तेवढेच भराभर, त्याहूनही जास्त,
आणि श्वास उरला.
भात्यात हवा राहते तसा, पुढच्या फुंकरीपुरता.
चाल वाढवली. तरी उरला.
आता याहून जोरात पळणं माझ्या वयाला शोभणारं नव्हतं.

म्हणालो,
गंगाधर, तुझी पक्कड अजून माझ्याचकडे आहे.
लाईन बंद आहे असं तुला मीच सांगितलं होतं.
मला तसंच कळवलं होतं, पण सांगितलं मीच.

बारावा. तेरावा.
मागून बुटांचा आवाज आला, जवळ आला.
या वेळी तिनं विचारलं नाही,
थोडा वेळ माझ्या चालीनं चालली फक्त,
आणि मग पळसाकडे निघून गेली.
मी बोलतच होतो.
अजून पंधरा खांब होते.