टिक्

वडाळ्याला, ट्रक टर्मिनलच्या मागे,
जुस्तीननं फार्गोचं बॉनेट वर केलं, मीटर लावला.
बॅटरीपाशी साडेबारा,
दिव्यापाशी जेमतेम दहा.
"बाकीचे वाटेत खाल्ले," म्हणाला,
"तुझ्या पप्पांच्या स्विचनं."

चाळीस वर्षं सगळा करंट
त्या एका खटक्यातून गेला.
पप्पा बोटाला रुमाल गुंडाळूनच
लाईट लावायचे.

दोन रिले, जाड लाल वायर, फ्यूज.
आता स्विचनं नुसतं सांगायचं,
ओझं दुसरा उचलेल.

टिक्.
समोरच्या भिंतीवरचं
"येथे लघवी करू नये"
पहिल्यांदाच अख्खं वाचता आलं.
जुस्तीन हसला, बिडी विझवली.

शिवडीपर्यंत पप्पांनीच चालवली.
स्विच थंडगार.
बोटाला रुमाल.