तीन दिवस आधी

पहाटे पावणेचारला उशीखाली फोन थरथरला.
आखातात अवेळी फोन वाजला की
माणूस आधी घरच्यांची नावं मनात मोजतो,
मग मेसेज उघडतो.
मी हातभर लांब धरून वाचला:
एकशे ऐंशी रियाल जमा.
तारीख पंचवीस.

आमचा पगार अठ्ठावीसचा.
बारा वर्षं अठ्ठावीसचा,
एकदा तर पुढच्या महिन्याच्या अकराचा,
तेव्हा कॅम्पातल्या दुकानदारानं वहीच मिटून ठेवली होती.

पलीकडच्या खाटेवर नजमुद्दीन पारकर जागाच.
"तुला पण?"
"मला पण."
नवी बँक म्हणे पैसे धरून ठेवत नाही,
कंपनीची यादी पोचली की लगेच खात्यात सोडते.
खातं उघडताना तसं छापलेलंही होतं.
आम्ही सही केली होती, वाचलं नव्हतं.

वर टेकबहादूर घोरत होता.
त्याचं कार्ड जुन्या बँकेचं.
आम्ही आवाज खाली आणला,
दोन चोरांसारखा.

नजमुद्दीन सांगतो, तो आला तेव्हा
पगार म्हणजे खाकी पाकीट आणि निळा अंगठा.
शाई तीन दिवस जायची नाही.
भाताला शाईचा वास यायचा
आणि त्या वासानंच अर्धं पोट भरायचं.
आता पैसे येतात
आणि बोटाला काहीच लागत नाही.

ड्यूटीला जाताना बसमध्ये मला एकदम सुचलं:
घरी कुणाला माहीत नाही.
वैजयंता विचारेल ती अठ्ठावीसला.
तोवर हे पैसे पतपेढीचे नाहीत,
धाकट्याच्या गॅरेजचे नाहीत,
ऋतुजाच्या नर्सिंगचे नाहीत,
गळक्या पत्र्याचेसुद्धा नाहीत.
संध्याकाळी न्हाणीघरात नळ मोठा सोडून
मी म्हणून पाहिलं: माझे.
शब्द चपलेसारखा वाटला, दुसऱ्या कुणाच्या पायातल्या.

गुरुवारी फलजच्या एटीएममध्ये गेलो.
काढलं काहीच नाही.
फक्त शिल्लक बघितली, एसीत थोडा उभा राहिलो,
मागे एक पठाण खाकरला तेव्हा बाहेर आलो.

शुक्रवारी सोहारला.
बाजारातून अर्धा किलो सुरमई घेतली, मग चष्म्याच्या दुकानात.
स्टोअरमध्ये व्हॉल्व्हवरचे आकडे
हल्ली मला तीनाचे आठ दिसतात.
पोरानं नाकावर फ्रेम ठेवली
आणि पहिली स्पष्ट दिसलेली गोष्ट
म्हणजे तिची किंमत.
अठरा रियाल.
"उद्या येतो," म्हटलं.
त्यानं मान हलवली, उद्याची माणसं तो रोज बघत असणार.

रात्री टेकबहादूरनं ताटात बघितलं.
"पगार झाला?"
"मासा स्वस्त होता," नजमुद्दीन म्हणाला.
टेकबहादूरनं काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.
"मासा सत्तावीस तारखेला स्वस्त नसतो, चाचा."
मग आम्ही तिघंही जेवलो,
त्याच्या ताटात शेपटीकडचा मोठा तुकडा.

अठ्ठावीसला वैजयंताचा व्हिडिओ कॉल.
"झाला का?"
"आत्ताच. पाठवलेसुद्धा."
तीन दिवसांत रियालचा भाव उतरला होता,
तीनशे रुपये कमी गेले, ते सांगितलं नाही.
पुढचा पगार परत पंचवीसला येईल की अठ्ठावीसला,
हेही कुणाला विचारावं कळेना.

ती बोलत राहिली.
विहिरीची मोटर, ऋतुजाचा गणवेश,
गवतातून निघालेलं घोणस.
मध्येच, कपडे घड्या घालता घालता:
"गुरुवारी झुबेदाभाभी एस्टीत भेटली.
नवा मिक्सर मांडीवर घेऊन बसली होती.
म्हणाली, या खेपेला पैसे लवकर आले."

पंखा फिरत होता.
नजमुद्दीन भिंतीकडे वळून झोपल्याचं सोंग करत होता.

"मी काही विचारलं नाही," ती म्हणाली.
"म्हटलं, दोन-तीन दिवस असू देत तुमच्याकडे."
मग पडद्याजवळ आली, डोळे बारीक करून,
मी फोन किती लांब धरलाय ते बघत.
"चष्मा केलात ना?"

मी म्हटलं, रेंज जातेय.