बुधवारची चावी

संध्याकाळी सहाला मी देवळाचं दार उघडते.
चावी तीन वेळा फिरवावी लागते,
तिसऱ्यांदा जरा वर उचलून.
हे मला सुलक्षणा ओहोळबाईंनी शिकवलं,
त्यांना त्यांच्या आधीच्या कुणी.
विश्वास म्हणजे काय ते मला अलीकडे सांगता येत नाही,
दार कसं उघडायचं ते येतं.

मे महिना. बडोद्यात डांबर चपलेला चिकटतं.
प्रार्थनेला आम्ही चौघं:
पाळकसाहेब, फतेगंजच्या त्रिभुवनबाई,
कानांनी पार गेलेले शांतवनमामा,
आणि मी.
पंखा आमच्यापेक्षा जास्त बोलतो.

मागच्या पावसाळ्यापासून आत काही हलत नाही.
कुणी गेलं नाही, काही घडलं नाही,
पाप म्हणावं असंही विशेष सापडत नाही.
पाहिलं शोधून,
पर्सच्या तळाशी हात घालून पाहावं तसं:
सुटे पैसे, एक विरघळलेली गोळी, बस.
डोळे मिटते तर दुधाचा हिशोब समोर येतो.
‘प्रभू’ म्हणते, आणि तो शब्द
रिकाम्या वॉर्डातल्या स्ट्रेचरसारखा
आपोआप घरंगळत जातो
आणि भिंतीला टेकून उभा राहतो.

पाळकसाहेबांना सांगितलं नाही.
ते म्हणतील, आणखी प्रार्थना करा, सिस्टर.
आशीर्वादाला हात वर करताना
त्यांची नजरही हल्ली घड्याळावर असते.
मीही त्यांना काही विचारत नाही.

एकतीस वर्षं सयाजी इस्पितळात रात्रपाळ्या केल्या.
नव्या मुलींना सांगायचे,
मनगटावर लागली नाही तर लगेच धावत सुटू नका.
बोटं सरकवा. कोपराच्या आत बघा, मानेवर बघा.
पूर्ण मिनिट थांबा.
आणि अंगठा कधी वापरू नका,
अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते;
बाई आपलेच ठोके मोजते
आणि चार्टवर लिहिते, पेशंट ठीक.

ते सभांमधलं रडू,
शेवटच्या कडव्याला अंगावर येणारा काटा,
इतकी वर्षं मी अंगठ्यानं मोजत होते का?
झाडू मारता मारता हे विचारते
आणि उत्तरासाठी न थांबता
बाकाखालचा कचरा पुढे ओढते.

परवा येताना पुलावर माणसं वाकून बघत होती.
खाली विश्वामित्री. नदी कसली, हिरवट डबकं,
त्यात एक फाटकी गादी.
शेंगवाले भूपतभाई म्हणाले, “मगर अंदर छे, बेन.”
काठाच्या भेगाळलेल्या मातीत एक भोक होतं,
काळं, ओलं नाही, काहीच नाही.
उन्हाळाभर तिथंच, म्हणाले. खाणं नाही, हलणं नाही.
मी म्हटलं, मग करते काय?
त्यांनी शेंगांची पुडी वळली,
टोक दुमडलं, माझ्या हातात दिली.
“कंई नहीं. रहे छे.”

काही नाही. राहते.

मला त्यातून काही बोध घ्यायचा नव्हता.
शेंगा खारट होत्या, घरी येईपर्यंत संपल्या.

आज त्रिभुवनबाईंनी सुनेच्या गुडघ्यासाठी मागितलं,
पाळकसाहेबांनी पावसासाठी.
माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “मी इथे आहे.”
पुढं काही सुचेना. तेवढंच राहू दिलं.
पंख्यानं ते घेतलं की कुणी, कळलं नाही.

शांतवनमामांना आमचं काही ऐकू जात नाही.
ते आमच्या ओठांकडे बघत बसतात,
आणि आम्ही उठलो, चपला घातल्या,
दिवे मालवले की मग
त्यांचं आमेन येतं.
उशिरा, मोठ्यांदा, नगरकडच्या हेलात,
रिकाम्या बाकांना उद्देशून.

एरवी मी म्हणते, चला मामा, उशीर होतोय.
आज चावी हातात धरून
अंधारात दाराशी उभी राहिले
ते पुरतं संपेपर्यंत.

मग तीन वेळा फिरवली.
तिसऱ्यांदा वर उचलून.
पुढचा बुधवार सत्तावीस तारखेला.