ताकदीचं

पाच किलोचा डबा, चौघांत वर्गणी.
दर सात तारखेला, उद्यमबागचा पगार झाला की,
मी, मोनेश, सांबऱ्याचा भुजंग आणि लोहाराचा विठू.
चमचा आतच असतो, निळा, पावडरीत गाडलेला.
तो शोधताना हात कोपरापर्यंत पांढरा होतो.
फाउंड्रीत तोच हात
कोपरापर्यंत काळा.

सपाट चमचा, शीग नाही, असं ठरलंय.
भुजंग शीग घेतो. सगळ्यांना माहीत आहे.
कोण बोलणार?
भरतीत दोनदा छातीवरच हुकलाय तो.

जिमच्या पाटीवरून मागे दंगा झाला.
वर कन्नड, खाली मराठी, अक्षर कुणाचं मोठं.
एका रात्रीत काळं फासलं, कुणी ते कळलं नाही.
मालकानं पाटीच उतरवली.
आता नुसता दंडाचा फोटो आहे.
आणि शिवानंद सर ज्या कुप्या देतात,
अंगठ्याएवढ्या, रबरी बुचाच्या,
त्यांच्यावर कन्नडही नाही, मराठीही नाही,
कुठल्याशा देशाचं मुंगीएवढं अक्षर.
त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही.

सर जबरदस्ती करत नाहीत.
"पावडर म्हणजे जेवण," म्हणतात, "आणि ही म्हणजे घाई.
घाई आहे का तुला?"
विचारताना आरशात बघतात,
स्वतःच्या खांद्याकडे.

मोनेशला घाई होती.
तिसऱ्या गेटजवळच्या मंडपात तेल चोपडून उभा राहिला
तेव्हा शिट्ट्या आम्हीच मारल्या.
ढाल मिळाली, बायसेप काढून फोटो मिळाला.
आता तो बनियन काढत नाही.
विहिरीवर येत नाही.
छाती दुखते, म्हणाला, फुगलीय, बायकांसारखी.
हे गाडीवर मागे बसून सांगितलं,
तोंड बघावं लागू नये म्हणून.
मी म्हटलं, "उतरंल गा."
मला काय माहीत!
"घरात लग्न ठरवायलेत," तो म्हणाला.
मग गोगटे सर्कलपर्यंत
फक्त गाडी बोलत होती.

आमचे तात्या तालमीतले.
दूध, बदाम, लाल माती,
"आमच्यात असलं काय नव्हतं," हे दिवसातून एकदा तरी.
परवा मात्र घास हातात धरून बोलून गेले:
जत्रेच्या कुस्तीआधी वस्ताद एक काळी गोळी द्यायचे,
मधातनं.
"काय असायचं त्यात?"
"वस्तादाला विचारत्यात व्हय?"
आणि भात कालवत राहिले,
कालवून झालेला भात.

माझी कुपी फ्रिजमध्ये आहे,
तीन आठवडे, दोशाच्या पिठामागं.
फोडली नाही. फेकलीही नाही.
तिथं ठेवायची असते का, तेही माहीत नाही.
काल आईला सापडली.
वडगावात मागावर उभी असते ती,
बारा तास, पायांच्या शिरा
दोरासारख्या वर आलेल्या.
"कसलं गा हे?"
"ताकदीचं."
तिनं कुपी उजेडात धरली, हलवली,
"मग मला न्हाई व्हय आणायचं?"
हसली,
आणि होती तिथंच ठेवली,
पिठाचा डबा थोडा पुढं ओढून.

आज सात तारीख.
भुजंगनं पैसे आधीच दिलेत.
नवा डबा, सील तोडलेलं,
चमचा पार तळाशी.
मी हात घातलाय.