तात्पुरती गाठ

रिपीटर बोलायला लागला
की त्याचेच कान बसायचे.
मंगळवेढ्याचा बारीक आवाज
खरखरीत बुडून जायचा.

आम्ही साखर पेठेतल्या मागांना बोल लावला.
वीज गेली, माग थांबले,
बॅटरीवर खरखर चालूच.
मग कोडमच्या दुकानातली दिव्यांची माळ.
बिचाऱ्यानं उतरवलीसुद्धा.

शेवटी गुर्रम टाकीवर चढला,
डोक्याला ओला टॉवेल,
पकडीनं एकेक सांधा हलवत.
खाली मी, हेडफोन लावून.
"आता?"
"आहे."
"आता?"
"थांब. तिथंच थांब."

अँटेनाच्या बुडाशी गंजलेली तार.
बिराजदार सरांनी बांधलेली.
तात्पुरती आहे, म्हणाले होते,
गेले त्या उन्हाळ्यात.

सुटेना. कापली.
मंगळवेढा लख्ख आला, ज्वारीचा भाव सांगत.

गुर्रमनं तुकडा खिशात घातला,
आणि बऱ्याच वेळानं वरून विचारलं,
"आता?"